पान सत्तेचाळीस

टेबलावर तिन्ही आवृत्त्या उघड्या,
पानं मिटू नयेत म्हणून वर काचेचा पेपरवेट,
अडकित्ता, आणि माझ्या चष्म्याचा डबा.

त्रेपन्नची शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आली,
महापुरात दोन दिवस भिजलेली.
फुगून दीडपट झालीय,
आणि कडेनं नदीची तपकिरी रेघ.
एकाहत्तरची वाचनालयाची, शिक्के मारमारून निळी.
अठ्ठ्याण्णवची गुळगुळीत,
उघडली की पाठीचा डिंक कडकन बोलतो.

चौथी काढायचीय. भाऊसिंगजी रोडवरच्या दुकानात
चौगुले म्हणाले, ताई, तिसरी घ्या, चुका काढा,
फर्म्यामागं काय ते देतो.
मी म्हटलं, तिन्ही बघते.
बघा की, म्हणाले. पैसे एकीचेच.

मगदूम मास्तरांचं पुस्तक. एकच लिहिलं त्यांनी.
त्रेपन्नच्या पानांवर टिंबंच टिंबं,
जोंधळा सांडल्यागत:
कांहीं, तेथें, मीं, घरें.
नांव म्हणजे नांव, आणि नाव म्हणजे होडी.
एकाहत्तरपर्यंत नियम बदललेले,
टिंबं झाडून काढली, दोन्हीची झाली ‘नाव’.
आता वाक्यानंच सांगायचं, बुडालं काय ते.
याचं मला काही नाही. मी शाळेत असंच शिकले.

पण पान सत्तेचाळीस.

पहिलीत:
ती घाटावर उभी होती. मीं वळून पाहिलें नाहीं. नाव सुटली.
दुसरीत:
ती घाटावर उभी होती. मी वळून पाहिले.          नाव सुटली.
तिसरीत तेच, फक्त फट मिटवलेली.

अठरा वर्षांनी एका माणसानं मान वळवली.

नजरचूक असेल म्हणून पुढं गेले,
पान साठवरून परत आले.
चुकून शब्द गळला तर जुळवणारा
उरलेली जागा ओळभर थोडीथोडी वाटून टाकतो.
ही एकाच ठिकाणी, बरोबर ‘नाही’ मावेल एवढी,
आणि मधोमध केसासारखी काळी उभी खूण:
भरणीचं शिसं वर आलं, त्याला शाई लागली.
म्हणजे शब्द जुळला होता.
मग कुणीतरी चिमट्यानं उचलला.

गंगावेशीत बाबालाल मुजावर भेटले.
त्या छापखान्यात खिळे जुळवायचे, तेव्हा वय एकोणीस.
पान त्यांनी वाचलंच नाही,
उलटं करून मागून अंगठा फिरवला.
“होय, माझंच काम. ह्यो र बघा, पाय मोडका.
मालक नवा घेत नव्हता.”
आणि हा शब्द?
“काढला असंल मीच. सांगितलं कुणी, ते आठवंना.
मास्तर यायचे खरं. गॅलीपाशी उभं राहायचे,
चा नको म्हणायचे.”
मग बराच वेळ अंगठा तिथंच.
“कोण वो ती, घाटावरची?”

मला माहीत नाही.
पहिलीत अर्पणपत्रिका नाही.
दुसरीत आहे, अख्ख्या कोऱ्या पानावर एवढंच:
कै. चंपाक्का हिस.
तिसरीत पान वाचवायला तेही काढलं.

रात्री प्रुफाच्या समासात पेन्सिलीनं ‘नाही’ लिहिलं.
खोडलं.
आमच्या कामात रीत आहे,
खोडलेलं परत हवं असेल तर त्याखाली टिंबं द्यायची,
म्हणजे, राहू दे.
दिली. चार.
मग तीही रबरानं पुसली.
कागद तिथं इतका पातळ झाला
की खालच्या पानावरची होडी दिसायला लागली.

सकाळी चौगुल्यांचा फोन,
काय ताई, अजून सत्तेचाळीसावरच?
म्हटलं, मास्तरांना अठरा वर्षं लागली,
मला निदान गुरुवारपर्यंत द्या.